एकोणिसावा मेपल

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणाशी नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीत आहात? मी सांगते, कंपनीत नाही, मी झाडांना भोकं पाडते. समोरचा हसतो, मग मी हसत नाही हे बघून थांबतो. या अंकासाठी लेख मागतानाही "तुमच्या त्या वेगळ्या कामावर लिहा" असंच सांगण्यात आलं. कामाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. तर आधी तेच सांगते. आम्ही मेपल सिरप करतो. माझा नवरा हर्मन याच्या घरच्या शेतावर, मेपलच्या एका रांगेतून. नेदरलँड्समध्ये हे फारसं कुणी करत नाही, आणि का करत नाही हे मला आता चांगलं समजलं आहे.

मी पुण्याहून एनस्खेडेच्या विद्यापीठात आले ती बाष्पीभवनावर संशोधन करायला. हर्मन तिथेच भेटला. लग्नानंतर त्याच्या घरी, शहरापासून सायकलने पाऊण तासावर, राहायला गेले ती आजतागायत तिथेच आहे. डॉक्टरेट घेतलेली आपली मुलगी परदेशात एका पत्र्याच्या शेडमध्ये पाणी आटवत बसते, असं माझे वडील नातेवाइकांना सांगत. तक्रारीच्या सुरात सांगत, पण मी पाठवलेली बाटली पाहुण्यांना दाखवल्याशिवाय राहत नसत.

कामाचं स्वरूप गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला चटकन कळेल. मेपलच्या खोडात हिवाळाअखेर गोड रस चढतो. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, असे दिवस लागोपाठ आले तरच तो वाहतो. छातीच्या उंचीवर गिरमिटाने बोटभर खोल, किंचित वर चढतं भोक पाडायचं, त्यात तोटी ठोकायची, तोटीला बादली अडकवायची, वर झाकण. रस पाण्यासारखा दिसतो आणि लागतोही जवळजवळ पाण्यासारखाच. चाळीस लिटर आटवले की एक लिटर सिरप. सपाट काहिलीत, लाकडाच्या जाळावर. फेस वर आला की लोण्याचा एक खडा टाकायचा, फेस बसतो. पाक झाला की नाही ते उलथन्यावरून बघायचं. थेंब थेंब न गळता रस कडेला पडद्यासारखा लोंबला की उतरवायचं. माझ्याकडे तापमापक आहे, घनतामापक आहे, पण शेवटी मी उलथन्याकडेच बघते. झाडाला याने इजा होत नाही. भोक वर्षभरात आपोआप बुजतं, पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी पाडायचं.

हे मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांचं नाव यान. आम्हाला मूल झाल्यावर सगळे त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणू लागले, सासूबाईंना ओमा, आजी, आणि मीही तेच म्हणू लागले. ओपा तरुणपणी दोन वर्षं कॅनडात एका शेतावर राबले होते. वडील आजारी पडले म्हणून परत यावं लागलं, तेव्हा त्यांनी बोटीवरून एक लाकडी खोकं आणलं. त्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेली मेपलची रोपं होती. मेपलला चाळीस वर्षांचा होईपर्यंत भोक पाडत नाहीत. म्हणजे पंचविशीतल्या माणसाने पासष्टीत मिळणाऱ्या सिरपसाठी झाडं लावली. गाव हसलं. ओपांना गावाचं हसणं ऐकू येत नसे. त्यांना बऱ्याच गोष्टी ऐकू येत नसत, कान शाबूत असूनही.

मी आले तेव्हा झाडं नुकतीच वयात आली होती. पहिल्या फेब्रुवारीत ओपांनी माझ्या हातात गिरमिट दिलं आणि रांगेच्या एका टोकापासून आम्ही निघालो. प्रत्येक झाडाशी थांबून ते सालीवर तळवा ठेवत आणि कुठे भोक पाडायचं ते बोटाने दाखवत. अठरा झाडं झाली. एकोणिसावं ओढ्याच्या काठाला होतं, जमीन उतरती होते तिथे. बाकीची झाडं एकमेकांपासून बरोबर आठ पावलांवर. हे अकरा पावलांवर, आणि रांगेपासून थोडं डावीकडे सरकलेलं. मी त्याच्याकडे निघाले तेव्हा ओपांनी माझ्या हातातून गिरमिट काढून घेतलं. म्हणाले, "त्याला सोड." का, असं मी विचारलं. ते शेडकडे चालू लागले होते.

मी ओमांना विचारलं. त्या म्हणाल्या, यानने ते झाड दमलेलं आहे असं सांगितलंय, त्याला हात लावायचा नाही. त्यांनी स्वतः कधी कारण विचारलं नव्हतं. ते झाड दमलेलं मुळीच दिसत नव्हतं. रांगेतलं सगळ्यात जाड खोड त्याचं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी ओपा गेले. नियम राहिला. आता तो ओमा सांगायच्या, दर फेब्रुवारीला, मी बादल्या धुवायला काढल्या की: शेवटचं सोड हं. मीही सोडत आले.

आमची गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक असतात. एक बाई सिरप केसांना लावते. एक गृहस्थ दरवर्षी येऊन हे कॅनडातल्यासारखं लागत नाही असं सांगतात आणि तीन बाटल्या नेतात. पण मला ज्यांचं कोडं होतं ते बेरेंड. आमचे शेजारी, ओपांपेक्षा थोडे लहान. या भागात लगतच्या शेजाऱ्याला नोआबर म्हणतात, आणि नोआबर म्हणजे नुसता शेजारी नव्हे. घरात जन्म झाला, मरण झालं की पहिला निरोप त्याला जातो आणि खांदा त्याने द्यायचा असतो. ओपांच्या शवपेटीला पुढचा खांदा बेरेंडचाच होता. तर हे बेरेंड दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर, एकाच तारखेला येत. सिरप तयार असो नसो. एक बाटली घेत, नसली तर गेल्या वर्षीची. मग गेटकडे न जाता शेडच्या मागे जाऊन उभे राहत, टोपी काढून, ओढ्याच्या दिशेला तोंड करून. पाच मिनिटं, कधी दहा. फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळी अकरा-अकरा वाजेपर्यंत धुकं उतरलेलं असतं. ओढ्याकडची झाडं दिसत नाहीत. म्हणजे ते धुक्याकडेच बघत असत. म्हाताऱ्या माणसाच्या प्रार्थनेची वेळ असेल असं मी धरून चालले होते.

गेल्या काही वर्षांत हिवाळे बिघडले. डिसेंबरात डास दिसतात. तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा तर नावालाच होता. जानेवारी गेला, फेब्रुवारी उजाडला, पाणी गोठलं नाही. मी अठरा झाडांना तोट्या ठोकल्या आणि वाट पाहत बसले. बादल्या कोरड्या. एका सकाळी धुक्यातून रांगेने फिरत होते. एकेक झाकण उघडून बघायचं, बंद करायचं. अठरावं झाकण लावलं आणि टिक असा आवाज आला. थोड्या वेळाने परत, टिक. रिकाम्या बादलीच्या तळाशी पहिला थेंब पडतो तेव्हा असा आवाज येतो. तो ऐकायला मी महिनाभर आसुसले होते, त्यामुळे चुकायची शक्यता नव्हती. पण आवाज ओढ्याकडून येत होता आणि तिकडे बादली नव्हती.

मी गेले. एकोणिसाव्या झाडाची एक फांदी वाऱ्याने मोडली होती आणि मोडल्या जागेतून रस ठिबकत होता. खाली एक पालथं पडलेलं जुनं पत्र्याचं झाकण होतं, थेंब त्यावर पडत होता. एवढंच. मी झाकण उचललं, थेंब जमिनीवर पडू लागले, आवाज थांबला. मग मी तळव्यावर थेंब धरला आणि चाटला. इतका गोड रस मी कधी चाखला नव्हता.

त्यानंतर मी जे केलं ते समजून उमजून केलं. हर्मन कामाला गेला होता, ओमा स्वयंपाकघरात होत्या. मी गिरमिट आणलं आणि भोक पाडलं. लाकूड लोण्यासारखं मऊ लागलं. गिरमिट बाहेर काढताच रस धारेने आला, मी तोटी बसवेपर्यंत माझी बाही कोपरापर्यंत भिजली. आणि तो कोमट होता. हिवाळ्यात झाडाचा रस हाताला बर्फासारखा लागतो. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. माझाच हात गार असेल, असं मी स्वतःला समजावलं.

दोन तासांत बादली भरली. मी दुसरी लावली. दुसऱ्या दिवशीही वाहिलं, तिसऱ्या दिवशीही. बाकीच्या अठरांमधून थेंब नाही. ओढ्याकाठी जमीन सखल आहे, थंड हवा तिथे साचते, दोन अंशांचा फरक सहज पडतो, म्हणून तेवढंच झाड वाहत असेल. हे स्पष्टीकरण मला अजूनही पटतं, निदान दिवसातला बराच वेळ पटतं.

चौथ्या दिवशी काहील पेटवली. नेहमी रस आटताना लाकडाचा, करपल्या साखरेचा, थोडा व्हॅनिलाचा वास येतो. तो आला नाही. रंगही आला नाही. तांबूस व्हायला हवा होता तो रस घट्ट होऊनही जवळजवळ पाण्यासारखाच राहिला. शेडमध्ये हळूहळू दुसराच वास भरला, ओळखीचा, पण कुठला ते ध्यानात येईना. मी उलथनं धरून उभी होते तेवढ्यात दार सरकलं आणि ओमा आत आल्या.

ओमा तेव्हा एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. हिवाळ्यात त्या अंगणही ओलांडत नसत. पायात घरातल्या सपाता, अंगात एप्रन. त्यांनी काहिलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. शेडच्या कोपऱ्यांकडे, लाकडांच्या ढिगामागे, काहीतरी शोधल्यासारखं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कोण आलंय? कुणाचं बाळ आहे इथे?"

मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटीच आहे. त्या म्हणाल्या, वास येतोय. आणि त्या म्हणाल्या त्या क्षणी मलाही तो वास कळला. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मानेच्या वळीत येतो, तो. कोमट, आंबूस दुधाचा. ओमांना धरून मी घरात नेऊन बसवलं. त्यांना वाटलं आपल्याला भास झाला, आणि त्या खजील झाल्या. मी त्यांना खजील होऊ दिलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी बेरेंड आले. त्यांची तारीख होती. मी गेल्या वर्षीची बाटली त्यांच्या हातात दिली आणि ते नेहमीप्रमाणे शेडमागे गेले. पण त्या दिवशी धुकं लवकर उठलं होतं. ओढ्यापर्यंतचं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि शेवटच्या झाडाला लटकवलेली बादलीही. मी खिडकीतून पाहिलं. बेरेंड आधी उभे होते, मग त्यांनी भिंतीला हात टेकला आणि खाली ओल्या गवतात बसले. मी धावले. त्यांना उठवून शेडमध्ये बाकावर बसवलं. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. यानने तुला सांगितलं नव्हतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, सोड म्हणाले होते, का ते म्हणाले नव्हते.

मग बेरेंडनी सांगितलं. टोपी गुडघ्यावर ठेवून, काहिलीकडे बघत, सलग सांगितलं.

हर्मनच्या आधी ओमांना एक मूल झालं होतं. फेब्रुवारीत, घरीच, आणि ते मेलेलंच जन्मलं. त्या काळी या कॅथलिक भागात बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला दफनभूमीत जागा नसे. बाप एखादी पेटी घेऊन कुठेतरी जाई, कुंपणापलीकडे, शेताच्या बांधाला, आणि रिकाम्या हाताने परत येई. आईला बाळ दाखवत नसत. दाखवलं नाही, बोललं नाही, तर ती लवकर विसरेल असं डॉक्टर सांगत, आणि ऐकणारे ऐकत. ओपांनी कॅनडाहून आणलेल्या खोक्याच्या फळ्या काढून पेटी केली. नोआबर म्हणून बेरेंडला बोलावणं गेलं, ते तेव्हा विशीतले. सकाळी दाट धुक्यात दोघांनी ओढ्याकाठी खड्डा खणला. अठरा झाडं आधीच्या शरदात लागली होती. एक रोप उरलं होतं, ते परसात मातीत गाडून ठेवलेलं होतं. ओपांनी ते आणून तिथे लावलं. अंतर मोजायच्या मनःस्थितीत दोघेही नव्हते. मग ओपांनी बेरेंडकडून शब्द घेतला की हे दीनाला, म्हणजे ओमांना, कधी कळता कामा नये.

"मी शब्द पाळला," बेरेंड म्हणाले. "यान गेल्यावर वाटलं, आता सांगावं. पण कोणत्या तोंडाने?"

मी त्यांना विचारलं की ओमांनी कधी विचारलं नव्हतं का. ते म्हणाले, यानला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, चांगल्या जागी आहे.

तेव्हा मला ओमांची एक सवय आठवली. दरवर्षी फेब्रुवारीत परसात पांढरी हिमफुलं आली की त्या मूठभर खुडून सायकलला, नंतर चालेनासं झाल्यावर माझ्या गाडीत घेऊन, गावाच्या दफनभूमीवर जात. ओपांच्या कबरीवर नव्हे. बाहेरच्या बाजूने, कुंपणाच्या झुडपापाशी ठेवत आणि परत येत. माहेरचं कुणीतरी असेल असं मला वाटे. आता कळलं. गावात बोललं जाई की पुरुष अशी बाळं तिथे पुरतात, म्हणून त्या तिथे जात होत्या. पासष्ट वर्षं.

संध्याकाळी हर्मनला सांगितलं. तो म्हणाला, आईला सांगायचं नाही. या वयात, या हृदयाला कशाला. बाबांनी आयुष्यभर पाळलेली गोष्ट आपण का मोडायची. तो चुकीचं बोलत होता असं मी म्हणणार नाही. पण मी पुण्यात वाढले आहे. आमच्याकडेही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुष जातात. माझ्या आईचं पहिलं मूल असंच गेलं होतं. तिला कुणी मुलं किती विचारलं की "तीन" म्हणण्याआधी ती क्षणभर थांबायची. जागा कुठली होती ते तिने शेवटच्या आजारात मामाला विचारलं. मामा ती जागा विसरला होता.

मी हर्मनला म्हटलं, बेरेंड विसरलेले नाहीत, आणि ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी जाताना तो म्हणाला, तू सांग, मला जमणार नाही.

अकराच्या कॉफीला मी ओमांसमोर बसले आणि सरळ सांगितलं. आधी माझा गुन्हा सांगितला, की मी शेवटच्या झाडाला भोक पाडलं. मग कारण. ओमांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा ओपांना बोल लावतील. त्यांनी एकच विचारलं.

"मुलगा होता की मुलगी?"

मला माहीत नव्हतं. बेरेंडना हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि बेरेंडना वाटलं असणार की आईला एवढं तरी ठाऊक असेल. मी फोन केला. ते पाच मिनिटांत आले, सायकलवर, मफलर न गुंडाळताच. दारातच उभे राहिले. ओमांनी खुर्चीतून वर पाहिलं.

बेरेंड म्हणाले, "मुलगी, दीना. यानने झाकण लावण्याआधी मला दाखवली. काळे केस होते. बरेच होते."

ओमांनी मान हलवली, हिशोब जुळावा तशी. मग मला म्हणाल्या, माझे बूट दे.

आम्ही तिघं गेलो. ओमा मध्ये, त्यांचे दोन हात आमच्या दोघांच्या दंडात. अठरा झाडांपाशी त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या झाडापाशी पोचल्यावर त्यांनी आमचे हात सोडले आणि खोडाला हात लावला. तोटीतून रस येतच होता. बादली भरून वाहत होती, त्या सकाळी मी ती बदलायला आले नव्हते. बेरेंडनी टोपी काढली. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. बादलीच्या काठावरून रस गवतात पडत होता तेवढा आवाज.

मग ओमा म्हणाल्या, "मी भलत्याच कुंपणाशी बोलत राहिले. हिला वाटलं असेल, आई येतच नाही."

मी तोटी काढायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी मला थांबवलं. थांबेल तेव्हा तिची ती थांबेल, म्हणाल्या. तोटीखाली करंगळी धरून त्यांनी एक थेंब घेतला आणि जिभेला लावला. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवतात. मी ते बोलून दाखवलं नाही.

दोन दिवसांनी अखेर थंडी पडली. रात्रीत ओढ्याच्या कडा गोठल्या आणि सकाळी अठरा झाडं एकदम वाहू लागली. एकोणिसावं थांबलं. तोटी कोरडी ठणठणीत. सखल जागेच्या माझ्या स्पष्टीकरणात हे बसत नाही. बसवण्याचा मी प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

पुढचं काम आमच्या मुलीने, इराने केलं. ती दूर, डीमन गावी राहते. मी तिला फोनवर मराठीत सगळं सांगितलं, तिने नेहमीप्रमाणे डचमध्ये उत्तर दिलं. मग दुसऱ्या दिवशी तिचा फोन: मृत जन्मलेल्या मुलाची नोंद आता आई-वडिलांच्या नावापुढे करून मिळते, कितीही वर्षं झाली असली तरी. तिने खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, वेळ घेऊन ठेवली होती.

खेमेंतेच्या खिडकीपलीकडची मुलगी इराच्याच वयाची असेल. तिने जुन्या नोंदीची प्रत काढून ठेवली होती. ओपा बाळाच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन सही करून आले होते. हेही घरात कुणाला माहीत नव्हतं. निर्जीव जन्मलेलं मूल, स्त्री, खाली सही, आणि नावाच्या जागी काही नाही. त्या काळी नाव लिहीत नसत. ओमांनी सहीवर बोट फिरवलं. खिडकीपलीकडच्या मुलीने हळू आवाजात विचारलं, नाव काय लिहू.

हर्मन माझ्याकडे बघू लागला. आमच्यापैकी कुणीही ओमांना हे आधी विचारलं नव्हतं. ओमांना विचार करावा लागला नाही. "मारिके," त्या म्हणाल्या. आणि मग, आमच्यासाठी: "दोन नावं ठेवली होती मनात. एक मुलाचं, एक मुलीचं. कुठलं खरं ते कळत नव्हतं, म्हणून दोन्ही सांभाळली."

त्या वर्षीचं ते सिरप सात बाटल्या झालं. विकायचं नाही, फेकायचं नाही, असं ओमांनी सांगितलं. ते फडताळात आहे आणि अजून पाण्यासारखंच आहे. त्या झाडाला मी पुन्हा गिरमिट लावलेलं नाही. मुळात आता धंदाच फार दिवसांचा नाही. गेल्या हिवाळ्यात मिळून नऊ दिवस रस आला. ओपांनी चाळीस वर्षं वाट पाहून मिळवलेलं माझ्या हातून संपणार, आणि त्यात माझी चूक नाही हे ठाऊक असूनही चुकल्यासारखं वाटतं. पण या कामात मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी सिरपचं काही सांगणार नाही. नाव लागलं त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत जे झालं ते सांगेन.

इथे प्रत्येक घरात वाढदिवसांचं कॅलेंडर असतं, आणि ते संडासात टांगतात. का, हे मला तीस वर्षांत कुणी सांगू शकलेलं नाही. त्यात साल नसतं, नुसती तारीख आणि नाव. जानेवारीअखेर मी पान उलटलं तर फेब्रुवारीच्या मध्यावर ओमांच्या थरथरत्या अक्षरात नवं नाव होतं. त्या दिवशी त्यांनी मला सफरचंदाचा केक करायला लावला आणि खुर्च्या गोलात मांडायला सांगितल्या. हर्मन रजा घेऊन घरी राहिला, इरा गाडीने आली.

डच वाढदिवसाची एक रीत मला नेहमी हास्यास्पद वाटत आली आहे. आलेला माणूस नुसतं ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करत नाही. गोलात बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवून प्रत्येकाचं करतो. मुलाबद्दल, भावाबद्दल, आत्याबद्दल, जे नातं असेल त्याबद्दल. बेरेंड आले ते कोट घालून आले. टोपी काढून आधी ओमांपाशी गेले. "अभिनंदन, दीना, मुलीबद्दल." मग हर्मनकडे वळले: अभिनंदन, थोरल्या बहिणीबद्दल. साठीचा हर्मन शाळकरी मुलासारखा उभा राहिला आणि त्यांचा हात त्याने सोडला नाही. इराला आत्याबद्दल.

मग ते माझ्यासमोर आले. मी उठले. आमच्याकडे थोरल्या नणंदेला वन्सं म्हणतात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती हाक मारायला मला कुणी नव्हतं. बेरेंडच्या हाताला सायकलच्या मुठीचा गारठा होता. अभिनंदन, ते म्हणाले, आणि मी वाकून त्यांच्या पाया पडले.